दाराची बोटं

६ जानेवारी, सोमवार

अंगठ्याच्या मशीनने आज परत ओळखलं नाही. सात वेळा ठेवला. "पुन्हा प्रयत्न करा." अगे, किती करू? बावीस वर्षं काजूच्या चिकात बोटं घातली, रेघा उरल्यात कुठे? शेवटी इंजिनियर अस्मिता मॅडमनी हाताने हजेरी लिहिली.

कारखान्यातली यंत्रं तपासायच्या नव्या खोलीची डावी भिंत झाली. उजवीकडे अकरा ओळी उरल्या. फोमचे निळे शंकू, हातभर लांब, टोक मोडलं की तो शंकू बाद. माझ्या जोडीच्या पारूने आज दोन मोडले. "वयनी, नुसतो हात लागलो गो!" हात नाय लागलो, कुल्लो लागलो तुझो. मी बघितलं.

शेट आले. सगळ्यांच्या समोर बोलले. खोली पास झाली तर सुमनताई, म्हणजे मी, कायम, खोली त्यांच्या ताब्यात. नापास झाली तर कुलूप लावणार आणि यंत्रांचे डबे पूर्वीसारखे बंगळूरला तपासायला पाठवणार. म्हणजे मी परत काजू कारखान्यात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तपासायला बाहेरून माणूस येतोय.

मॅ.नी वही दिली, रोजच्या कामाची नोंद करा म्हणून. पुढून कामाचं लिहिते, मागून माझं. चौथीनंतर एवढं आजच लिहिलं. हात दुखला.

काजूत परत जाणार नाही. लिहून ठेवलं.

८ जानेवारी, बुधवार

भांडण झालं. मॅ.नी फळ्यावर लिहिलं, शंकू −४०. डोकं फिरलं. महिनाभर गोंदात हात बुडवून बसतोय आणि मार्क वजा? म्हटलं शून्य दिलं असतं तरी चाललं असतं.

मॅ. आधी हसल्या, मग खाली बसून सांगितलं. यंत्रातून लहर सुटते, मोबाइलची असते तशी, दिसत नाही. ती भिंतीवर आपटून परत आली तर मोजमाप चुकतं. यंत्राला कळत नाही की ही खरी की परत आलेली. म्हणून शंकूंनी ती खाऊन टाकायची. दहा हजार भाग सोडले तर एकच परत यायचा. हे वजा चाळीस. वजा पन्नास आणखी बरं. वजा तीस म्हणजे हजारात एक परत आला, नापास.

म्हणजे जेवढं वजा तेवढं चांगलं! पारू म्हणते, "मगे माझे चौथीतले मार्क लय बरे होते."

दुसरा आकडा दाराभिंतींचा. बाहेरचं आत येता कामा नये, आतलं बाहेर जाता कामा नये. तिथे शंभर हवेत आणि तिथे मोठा आकडा चांगला. शंभर म्हणजे हजार कोटी भाग भिंतीवर आले तर एक भाग आत शिरेल. "कोणी मोजले हजार कोटी?" मी विचारलं. मॅ. म्हणाल्या, एक यंत्र बाहेर ओरडतं, एक आत कान लावून बसतं.

हजार कोटींत एक! घरी येताना रिक्षात तेच तोंडात. रिक्षावाला म्हणे, काकी, लॉटरी लागली काय?

१० जानेवारी, शुक्रवार

घो बोटीवरून आला. नवरा माझा ट्रॉलरवर खलाशी, आठ-आठ दिवस समुद्रात. जेवताना म्हणतो, "शेटान येवढी मोठी खोली बांदल्यान, आणि आत काय? काय नाय!"

"काय नाय, तांच थंय मोजतत."

"काय नाय तां मोजूक पगार देतत?"

संतापले. मग सुचलं. म्हटलं, जेटीच्या भिंतीवर लाट आपटली की काय होतं?

"परत येता. होडयेक धक्को बसता."

"आणि खडपात शिरली तर?"

"थंयच मरता."

"मगे? आमच्या भिंतीर खडपा लावलेली आसत. दगडाच्या जाग्यार फोम."

घोवाने दोन घास खाल्ले. मग, "आमच्या बोटीवरचो डबो हंयच तपासतले?"

तो डबा आमचे शेटच बनवतात. बोट बुडायला लागली की बटण दाबायचं, वर उपग्रहाला निरोप जातो, बोट इथे आहे म्हणून. निरोप सगळ्या बाजूंनी सारखा जातो का, दुसऱ्या यंत्रांच्या गोंगाटात डबा गप्प होतो का, हे खोलीत बघायचं. बंगळूरला पाठवला की नंबर लागायला महिने जातात. तोवर बोटी तशाच जातात.

"खोली पास झाली तर हंय," मी म्हटलं.

"नाय झाली तर?"

"तर डबो बंगळूराक, मी काजीत."

"मगे पास करून घेवा," म्हणाला. आणि आमटी खारट झालीय म्हणून सांगितलं.

मला हे शंकूचं इतकं नीट सांगता येतं हे मलाच माहीत नव्हतं.

१३ जानेवारी, सोमवार

दार बसलं!!

पुण्याहून आलं. सहा माणसांनी उचललं. दाराला सुरीसारखी कड आहे, चौकटीला खाच. खाचेत दोन्ही बाजूंनी तांब्याच्या बारीक पट्ट्या उभ्या, वरून पांढुरकी चकाकी, माशाच्या काट्याएवढ्या, ओळीने, शेकड्यांनी. मॅ. म्हणतात ह्यांना बोटंच म्हणतात. दार लावलं की बोटं कड घट्ट धरतात. एक बोट जरी वाकडं राहिलं तर तिथून लहर आत. केसाएवढी फट पुरे.

"ताई, दार तुमचं," मॅ. म्हणाल्या. रोज सकाळी स्पिरिट आणि मऊ कपडा. घासायचं नाही. नखं लावायची नाहीत. प्लेटिंग आहे, जपायचं. सगळं पुढच्या बाजूला लिहून घेतलं.

मग मला आत ठेवून दार लावलं. पारू बाहेरून फोन करत होती. माझा फोन मेला. सिग्नलची एक काडी नाही. आत दिवा आहे, शंकू आहेत चहूकडे, वर-खाली, आणि मी मध्ये लाकडी फळीवर. आवाजसुद्धा शंकू खातात. बांगड्या हलवल्या तर लांब कोणाच्या तरी वाजल्यासारख्या. मोठ्याने शिवी घालून बघितली, दोन हातांवर जाऊन पडली.

दार उघडलं तर पारू घामाघूम. "वयनी, वीस वेळा केलंय फोन! बाई म्हणता संपर्काच्या बाहेर आसा."

मॅ.नी यंत्र लावून मोजलं. १०४. १०६. खालच्या कोपऱ्यात १०३. मी ओरडले. मॅ.पण ओरडल्या. सांगलीची मुलगी, तिशीची, पण ओरडली आमच्यासारखीच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. पारू तिळाचे लाडू घेऊन थेट खोलीत. हाकललं. कण पडला तर मुंग्या, मुंग्या आल्या तर फोम पोखरणार. "सणाच्या दिवशी गोड बोल म्हणतत," पारू. गोड बाहेर बोलेन. खोलीत नाय.

छताची तिसरी ओळ लागली. मान धरली.

१७ जानेवारी, शुक्रवार

मॅ. बहिणीच्या लग्नाला गेल्या. मंगळवारी येणार.

आठवडाभर खारा वारा सुटलाय. आमचा कारखाना माळावर, वेंगुर्ल्याची जेटी खाली दिसते, वारा सरळ अंगावर. दाराची बोटं काळवंडली. स्पिरिट लावलं, पुसलं. तशीच मळकट. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा पुसलं. दोन आठवड्यांनी तपासायला माणूस येणार आणि हे बघणार? माझ्या घरातली तांब्याची घागर येऊन बघा म्हणावं. तोंड दिसतं त्यात.

१८ जानेवारी, शनिवार

घरून सोलां भिजवून नेली. कोकमाचं आगळच झालं घट्ट, त्यात चिमूट मीठ. जुन्या धोतराचा तुकडा, अगदी मऊ. एकेक बोट पुसलं. वरून खाली, बाहेरून आत. मग पाण्याने, मग कोरड्याने. सकाळी सुरू केलं ते सहापर्यंत. पारू वाटी धरून.

सोनं! चारी बाजू सोन्यासारखी. पारू म्हणते, "वयनी, दाराक लग्नाक उभा करूया."

मॅ. बघून खूश होतील. कधी एकदा मंगळवार होतो.

२० जानेवारी, सोमवार

आजचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

दुपारी आत होते, छताची शेवटची ओळ. धूळ नको म्हणून पारूने बाहेरून दार लावलेलं. वर हात करून शंकू दाबून धरलाय आणि फोन वाजला.

खोलीत. दार बंद असताना.

शंकू हातातून सुटला. फोन उचलला. घो.

"बांगडे हाडू काय सवंदाळे?"

फोन लांब धरून काड्या बघितल्या.

"अगे, आयकाक येता मा?"

येत होतं. स्वच्छ. तेच तर.

ठेवला. परत वाजला. पारूने दार उघडलं. "वयनी, आत कोणाबरोबर बोलतंस?" मी खाली बसून खाच बघितली. बोटांच्या मुळाशी हिरवं. शनिवारी सोनं होतं, आज हिरवं. बोटाने पुसलं तर परत तांबूस, पण पांढुरकी चकाकी जी पहिल्या दिवशी होती ती कुठेच नाही.

पारूने पण एक बोट पुसून बघितलं. 

बांगडे आणले होते. खाल्ले नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

मॅ. आल्या. मेंदी अजून हातावर. मोजलं. ६१. परत मोजलं. खाली ५८.

शंभर हवेत.

मॅ.नी सगळं तपासलं. वायर जिथून आत जाते ते भोक, हवेची जाळी, भिंतीचे जोड. सगळं बरोबर. फक्त दार. मग दारवाल्याला फोन. "तुमच्या मालात खोट आहे." तो पलीकडून आरडाओरडा करत होता, मला ऐकू येत होतं. मॅ. त्याच्याहून मोठ्याने. एक आठवडा आधी १०४ होते, आता ६१ कसे?

शेट आले. ऐकलं. "मग बंगळूरला नंबर लावून ठेवतो," म्हणाले. रागाने पण नाही, नुसतं म्हणाले.

मी दिवसभर तोंड बंद ठेवलं. जन्मात पहिल्यांदा. पारू माझ्याकडे बघायची, मी भिंतीकडे.

दारवाल्याच्या माथी बसतंय. मी गप्प राहिले तर बसेलच.

२२ जानेवारी, बुधवार

सांगितलं. मॅ. परत फोन हातात घेत होत्या. म्हटलं, "मॅडम, त्याच्यावर ओरडू नका. मी केलं."

"काय केलं?"

"बोटांक सोलां लावली."

"सोलर?"

"सोलर नाही. सोलां!"

पारू मधे, "कोकम, मॅडम. आमसुलां."

मॅ. खुर्चीवर बसल्या. "आमसूल लावलं."

"होय. मीठ घालून."

"मीठ घालून," मॅ. म्हणाल्या. मग परत, "मीठ घालून." मग, "ताई, त्याच्यावर कथलाचा थर होता. आंबटाने तो गेला. आणि मिठाने खालचं तांबं खायला घेतलं. मी सांगितलं होतं ना, प्लेटिंग आहे."

"कथलाचा थर? म्हणजे कल्हई?"

"हो. कल्हईच म्हणा."

माझा तोल गेला. "मग कल्हई म्हणून सांगायचं ना! कल्हईच्या भांड्याला आमच्याकडे कोणी सोलां लावतं काय? शेंबडं पोर सांगेल! प्लेटिंग प्लेटिंग काय, प्लेट म्हणजे आमका बशी!"

मॅ. पण उठल्या. "आणि स्पिरिट आणि मऊ कपडा, घासायचं नाही, ते मराठीतच सांगितलं होतं ना?"

"ते होतं. ते मी ऐकलं नाही. ते माझं."

"मग विचारलं का नाहीत प्लेटिंग म्हणजे काय?"

"विचारलं तर अडाणी म्हणाल."

"आणि आता काय म्हणू?"

पारूला हसू आलं, तोंड पदरात घातलं.

मॅ.नी मग दारवाल्याला फोन केला. माझ्या समोर. "चूक आमच्याकडून झाली, मी काल बोलले त्याबद्दल माफ करा." एवढंच. माझं नाव घेतलं नाही. मी तिथेच उभी राहिले, हलले नाही. ते ऐकणं माझ्या वाट्याचं होतं.

शेट म्हणाले, ताईंना ठेवायचं की काढायचं मॅडमनी ठरवावं. मॅ. म्हणाल्या, आधी दार.

२४ जानेवारी, शुक्रवार

दारवाल्याकडे बोटांच्या नव्या पट्ट्या आहेत, पण बसवायला माणूस नाही. त्याची माणसं पंधरा दिवस दुसरीकडे. तपासणी पुढे ढकलली तर तो माणूस परत कधी येईल देव जाणे. मॅ. म्हणाल्या, पट्ट्या पाठवा, आम्ही बसवतो.

आज जुन्या काढल्या. मॅ.चं बोट कापलं. त्या बोटांना धार आहे. खाच प्लास्टिकच्या पातीने साफ केली. कानस नाही, पॉलिशपेपर नाही, त्या धातूची पूड श्वासात जाता नये म्हणाल्या. मी प्रत्येक गोष्टीला "म्हणजे काय?" विचारते आता. मॅ. वैतागल्या तरी विचारते. दुपारी त्या म्हणाल्या, "ताई, म्हणजे म्हणजेच!" तरी विचारलं.

खाच कोरडी. हिरवं सगळं गेलं. नुसती चौकट उरली. दात काढलेल्या तोंडासारखी.

२७ जानेवारी, सोमवार

पार्सल आलं. एसटीने कुडाळला, तिथून पारूचा नवरा घेऊन आला. तो म्हणे, "येवढ्याश्या पत्र्यांसाठी रजा घेतलंय?" पारूने त्याला जे सांगितलं ते लिहीत नाही.

पट्टी खाचेत सरकवायची, टक् करून टिचकी बसेपर्यंत दाबायची, पण बोटाला धक्का लागता नये. मॅ.नी पहिली घेतली. चार बोटं मोडली. दुसरी घेतली, दोन. तिसरी माझ्यापुढे ठेवली.

काजूच्या गराची साल काढताना गर दुभंगला की भाव पडतो. अख्खा काढायचा. दोन बोटांत धरायचं, दाब तिसऱ्याने द्यायचा. इथे तेच. टिचकी बसली. एकही बोट हललं नाही. पारूने दुसऱ्या बाजूने सुरू केलं, ती पण काजूतलीच. मॅ. नुसत्या बघत बसल्या. "मला शिकवा," म्हणाल्या. शिकवलं. येईना. वैतागून मी त्यांच्या हातातून काढून घेतली.

वरची बाजू आणि अर्धी डावी झाली. आम्हा दोघींच्या हातून एक पट्टी गेली नाही. एक पण!

२९ जानेवारी, बुधवार

चारी बाजू बसल्या. शेवटची टिचकी बसली तेव्हा पारूने शिट्टी घातली, पुरुषासारखी.

मॅ.नी दारावर कागद लावला. मला विचारून लिहिला. "कल्हई आसा. स्पिरिट आणि मऊ फडको. सोलां नाय, मीठ नाय, लिंबू नाय." खाली सही माझी. शेट वाचून हसले. पहिल्यांदा हसताना बघितले.

३० जानेवारी, गुरुवार

मोजलं. १०२. १०१. १०४. खालचा कोपरा बिजागरीकडचा ९४.

मॅ.नी हातात धरायचं यंत्र आणलं, गळती असेल तिथे ते टुंटुं करतं. मी गुडघ्यावर बसून दाराच्या कडेने फिरवलं. वीतभर गप्प, परत गप्प, आणि कोपऱ्यापासून चार बोटांवर ओरडायला लागलं. दार उघडून बघितलं. वाळूचा कण. समुद्राची बारीक वाळू, वाऱ्याने आलेली. त्याच्यामुळे दोन बोटं दबून बसलेली. कुंचल्याने कण काढला. बोटं आपोआप वर आली.

दार लावलं. १०२.

एका कणाने! साधा कण! मी आणि पारू दारासमोर नाचलो. मॅ. म्हणाल्या, ताई, पास झालेलं नाही अजून. माहीत आहे. नाचायला काय लागतं.

आता खोलीच्या बाहेर पायपुसणं, आणि चपला पायरीवर. शेट असले तरी.

३ फेब्रुवारी, सोमवार

तपासणारे आले. बंगळूरहून. पन्नाशीचे, बारीक मिशी, हिंदीत बोलतात, थोडंच बोलतात. चपला काढायला सांगितल्या तर माझ्याकडे बघितलं, मग काढल्या. मोज्याला भोक होतं. चहा घेतला नाही.

आज शंकूंचा दिवस. खोलीच्या मधोमध जिथे डबा ठेवायचा ती जागा, एक मोठा रांजण मावेल एवढी, तिला म्हणतात शांत जागा. तिथे परत आलेली लहर वजा चाळीसच्या खाली असली पाहिजे. यंत्र लाकडी रुळावर सरकवत, वीतवीत मोजलं. पुढे, मागे, वर. दिवसभर. मला आत उभं राहू दिलं नाही, माणसाच्या अंगावरून पण लहर परत येते.

वजा ४३. वजा ४६. वजा ४४. एका ठिकाणी वजा ४१, तिथे माझा जीव वर. पण चाळीसच्या पलीकडेच.

शांत जागा पास!!!

आमच्या हातचे शंकू. प्रत्येक. माझ्या तोंडून निघालं, "बघा, खडपात लाट मेली." त्यांना कळलं नाही. मॅ.नी हिंदीत सांगितलं. ते म्हणाले "अच्छा", आणि वहीत काहीतरी लिहिलं. तेच लिहिलं असेल काय?

उद्या दार.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी पहिलं मोजमाप. मी दार लावलं. १०३. त्यांनी उघडायला सांगितलं. का? म्हणे, खरं काम सुरू झालं की दार दिवसातून वीस वेळा उघडणार, म्हणून दर मोजणीला उघडायचं, लावायचं. परत लावलं. १०२. परत. १०२. ते मान हलवायला लागले, चांगल्या अर्थी. मी उडायचीच बाकी होते.

मग म्हणाले, आता दुसऱ्या कोणीतरी लावा.

शेटनी लावलं. ९६.

मॅ.नी लावलं. ९८.

पारूने लावलं. ९७. पारू रडकुंडीला आली.

परत मी. १०२.

सगळे माझ्याकडे बघतायत. मला आधी वाटलं शाबासकी. तपासणारे चष्मा काढून म्हणाले, "अगर सिर्फ़ ये लगा सकती हैं, तो पास नहीं।" एकाच बाईला लागणारं दार म्हणजे दार नव्हे. ह्या बाई आजारी पडल्या तर? त्या दिवसाची सगळी मोजमापं खोटी. बोटीवरचा डबा चुकीचा पास होऊन समुद्रात जाणार.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बरोबर बोलले. घो त्याच बोटींवर जातो.

"आप करती क्या हैं?" त्यांनी विचारलं. काय करते? लावते. तेवढंच. परत लावून दाखवलं, त्यांनी खाली वाकून बघितलं, मॅ.नी मोबाइलवर चित्र घेतलं. तेव्हा मला स्वतःला दिसलं मी काय करते. शेट दार ढकलतात आणि दार आवळायचा दांडा एका झटक्यात खाली. मी नाही तसं करत. मी, जिला रांगेत दोन माणसं पुढे असली तर सहन होत नाही, ती दाराशी थांबते. कधी शिकले कोण जाणे. बोटं मीच बसवली म्हणून असेल.

ते म्हणाले, लिहून द्या. कागदावर. उद्या सकाळी नऊ वाजता तो कागद वाचून मी स्वतः दार लावणार. तीन वेळा. तिन्ही वेळा शंभर आले तर पास. नाही आले तर नाही. दुपारच्या गाडीने जाणार.

शेट म्हणाले, मॅडम लिहितील. मॅ. म्हणाल्या, "नाही. ताई लिहितील. मी फक्त हिंदी करीन. माझ्या शब्दांनी एकदा काय झालं ते बघितलंय."

घरी आल्यापासून लिहितेय. चूल पेटवली नाही. घो म्हणाला, "भात मी टाकतंय, तू लिही." एवढं लग्नात पण बोलला नव्हता.

चार कागद फाडले. हा पाचवा, आधी इथे उतरवते.

१. कड आणि खाच बघ. कण असला तर कुंचला. फुंकर नको, थुंकी उडते.

२. दार हाताने ढकलू नको. तळवा सपाट ठेव, अंगाचा भार दे.

३. बिजागरीकडचा खालचा कोपरा मागे राहतो. उजवा गुडघा तिथे टेकव. मारू नको, टेकव.

४. कड खाचेत शिरली की बोटं एकदम धरत नाहीत. खसखस असा आवाज येतो. तो थांबेपर्यंत थांब.

५. मग दांडा खाली. हळू.

घोवाला वाचून दाखवलं. म्हटलं, तुका कळला?

"पाचवा सोडून सगळा."

"हळू, इतका साधा आसा."

"हळू म्हणजे किती हळू? माझा हळू येगळा, तुझा येगळा. त्या बंगळूरवाल्याचा आणि येगळा."

खरं आहे. शेटना विचारलं असतं तर त्यांनी पण म्हटलं असतं, मी हळूच लावलं. ९६.

भरलेली कळशी डोक्यावरून उतरवताना? तो माणूस कधी कळशी उतरवणार. जाळ्यातून जिवंत खेकडा सोडवताना? नको. निजलेलं पोर खाली ठेवताना, हे लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. पोर खाली ठेवताना शेवटी झटकन हात काढतात, दांडा तसा नाही काढायचा. खोडलं.

एक, दोन, तीन मोजून? माझे तीन आणि त्यांचे तीन एक आहेत काय.

पारूला फोन केला. ती म्हणे, "वयनी, तू हळू हो शब्द लिवलंस? तू?" आणि हसत सुटली. ठेवून दिला.

बाकी सगळा कागद तयार आहे. मॅ. साडेआठला येणार, हिंदी करायला. पाचव्या ओळीत हळूच्या पुढे जागा सोडली आहे, किती हळू ते नऊच्या आत सापडायला हवं.